शिकाऊ साडू

सासऱ्याच्या घराला नोटीस चिकटवून, त्याच घरात पाटावर बसून, वर दुसऱ्यांदा वरण मागून घेणारा जावई अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच निघेल, आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सरकारी नोकरीचं वय संपायला चार महिने उरले असताना तो आमच्या गावच्या नगरपंचायतीत, अतिक्रमण विभागात, शिकाऊ निरीक्षक म्हणून लागला. गावाचं नाव सांगत नाही. जळगाव जामोदहून एसटी येते आणि दुकानाच्या दारातून सातपुडा दिसतो, एवढं पुरे. वर्षभर शिकायचं, वर्षाच्या शेवटी मुख्याधिकाऱ्यांनी अहवाल लिहायचा, तो चांगला आला तर नोकरी कायम. पंधरा वर्षं परीक्षा देऊन ही नोकरी मिळाली होती आणि त्या अहवालाकडे दोन्ही घरांचे डोळे लागले होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते हे सगळं माहीत असून केलं.

नोटिशीचं असं झालं, की पथकप्रमुखांनी त्याला सांगितलं, मोजमाप आणि नोटीस लिहिण्याचा घरी सराव करा. कोणीही शहाणा माणूस हा सराव वहीत करेल. माझा साडू रविवारी टेप घेऊन सोनाळ्याला सासुरवाडीला गेला. तिथे ग्रामपंचायत, त्याची हद्दसुद्धा नाही. योगायोगाने मीही तिथेच होतो. त्याने सासऱ्यांचा ओटा उभा-आडवा मोजला, ओट्यावरच बसून नोटीस लिहिली आणि दाराशेजारी डकवली.

"काऊन हो जवाईबुवा, काय चिकटवून राह्यले?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही मामाजी, शिकून राह्यलो. ओळखीचं घर बरं असते. चुकलं तरी कोणी रागावत नाही."

हा आत जाऊन जेवला. नोटिशीच्या तळाला त्याने बारीक अक्षरात 'फक्त सरावासाठी' असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण सासऱ्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि ज्या शेजाऱ्याने त्यांना ती वाचून दाखवली तो 'सात दिवसांत काढून घ्यावे' इथेच थांबला. सासरे जन्मभर सरकारी कागदाला भिऊन राहिलेले. जावयाच्या पहिल्याच नोकरीला आपल्यामुळे बट्टा नको म्हणून त्यांनी बुधवारी गवंडी बोलावून चाळीस वर्षांचा ओटा फोडून टाकला. ही बातमी ऐकून साडू खुर्चीवरून उठला तो थेट बसस्टँडवर गेला. दोन दिवस रजा टाकून त्याने स्वतः सिमेंट कालवलं, विटा रचल्या आणि ओटा पुन्हा बांधून दिला. नवा ओटा मात्र नऊ इंचांनी आखूड निघाला. "आता बराबर हद्दीत आहे, मामाजी," तो घाम पुसत म्हणाला.

टेप त्याच्या कमरेला कायम असायचा, लग्नातसुद्धा. मोताळ्याला एका लग्नात रस्त्यावर टाकलेला मांडव त्याने अक्षता पडायच्या आधी मोजला आणि वधूपित्याला बाजूला घेऊन अग्निशामक गाडी किती रुंद असते ते समजावलं. तो बिचारा पंगतीच्या काळजीत. त्याला वाटलं, वरपक्षाकडून काही नवीन मागणी आली. एवढं असून आवाज चढवणं साडूला ठाऊकच नव्हतं. हातगाडीवाल्याला तो 'साहेब' म्हणायचा, रस्त्यात बसलेल्या बैलालाही 'जरा सरकता का' म्हणायचा. आठवडी बाजारात चुन्याची रेघ मारून भाजीवाल्यांना तिच्या आत बसवायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा एक म्हातारी काही केल्या हलेना.

"आत बसली तर गिऱ्हाईक मले पाहीन कसं बे?" तिने विचारलं.

याला ते पटलं. त्याने तिच्या टोपल्या उचलून आत नेल्या, वांगी नीट रचून दिली आणि स्वतः रेघेवर उभा राहून तासभर ओरडत राहिला, "आजीचे वांगे आत आहेत! आत या, आत!" पथकप्रमुख फिरत फिरत तिथे आले आणि जागीच थांबले. "तुम्ही पथकात आहे का वांग्यात?" त्यांनी विचारलं. साडू म्हणाला, "सर, आजी आत गेली न पण."

या सगळ्या गोष्टी मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो आणि सगळे पोट धरून हसायचे. माझं स्टेशनरीचं दुकान मुख्य रस्त्यावर आहे. दुकानापुढे नालीवर बांधलेला ओटा आणि त्यावर पत्र्याचं शेड. आमच्या ओळीतल्या सगळ्यांचंच तसं. नाल्या बुजल्यामुळे पावसाळ्यात मागच्या गल्लीतल्या घरांत पाणी शिरायचं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही ते कधी बोलायचो नाही. साडू विभागात लागल्यावर मी ओळीतल्या दुकानदारांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "घरचा माणूस आहे. आपल्या ओट्याले कोणी हात लावत नाही."

एका सकाळी साडू दुकानात आला, चहा प्याला, टेप काढला. "साडूभाऊ, तीन फूट नऊ इंच," तो म्हणाला आणि पिशवीतून नोटीस काढून माझ्या हातात दिली. या वेळी तळाला बारीक अक्षरात काही नव्हतं.

"मले?" मी म्हणालो. "तुम्ही मले नोटीस देऊन राह्यले?"

"तुमच्यापासूनच सुरू करा लागते न. नाही तर बाकीच्यायले कोणत्या तोंडानं देऊ? मागच्या गल्लीत एक बाई बाळंतीण आहे, साडूभाऊ. मागच्या वर्षी तिच्या खाटेखाली पाणी होतं."

मला त्या बाईचं काही वाटलं नाही. मला वाटलं ते एवढंच, की आता ओळीतले लोक मला हसतील. ते हसलेच. "काय म्हणते तुमचा घरचा माणूस?" असं जो तो विचारू लागला. चार दिवसांनी दुकानदारांनी मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज लिहिला, की शिकाऊ निरीक्षक उद्धट वागतात, शिवीगाळ करतात, सबब त्यांना कायम करू नये. बैलाला 'सरकता का' म्हणणारा माणूस! अर्जावर पहिली सही माझी हवी होती. नातेवाईकच बोलतो म्हटल्यावर वजन पडतं. मी सही केली. कोणी माझा हात धरला नव्हता. अर्ज देऊन यायचं कामही मीच घेतलं.

नगरपंचायतीत गेलो तर आवक टेबलावर साडूच बसलेला. कारकून रजेवर होता आणि शिकाऊ माणसाला कुठेही बसवतात. परत फिरावं तर त्याने पाहिलं होतं. मी कागद पुढे केला. त्याने तो सगळा वाचला, खालच्या सह्या मोजल्या आणि मान वर केली.

"साडूभाऊ, याच्यावर तारीख नाही. बिनतारखेचा अर्ज साहेबापर्यंत जातच नाही." त्याने मला पेन दिला. मी तारीख लिहिली. "आणि शिवी कोणती देली ते लिहा लागते. मोघम तक्रार टिकत नाही."

"राहू द्या तसंच," मी कसंबसं म्हणालो.

"तुमची मर्जी." त्याने शिक्का मारला, नंबर टाकला, दुसऱ्या प्रतीवर सही करून ती पोच म्हणून मला परत दिली. इतका सुन्न मी वडील गेले तेव्हाही झालो नव्हतो.

आठवड्याने मुख्याधिकारी मॅडमनी मला बोलावलं. साडू टेबलाशेजारी उभा होता. "यांनी तुम्हाला शिवी दिली?" त्यांनी सरळ विचारलं. 'नाही' एवढा एकच शब्द लागत होता. मी म्हणालो, "आता नेमकं आठवत नाही मॅडम, रागात काही बोलले असतील." मॅडमनी ते लिहून घेतलं. बाहेर आल्यावर साडू माझ्या मागे आला. आता तरी हा काही बोलेल असं वाटलं. तो म्हणाला, "ताईले सांगा, रविवारी आम्ही येऊन राह्यलो."

वर्षाच्या शेवटी हुकूम आला. वर्तणुकीबाबत तक्रार असल्याने प्रशिक्षणाचा काळ सहा महिन्यांनी वाढवण्यात येत आहे. त्याच्या बरोबरीने लागलेले, त्याच्यापेक्षा बारा-बारा वर्षांनी लहान असलेले सगळे कायम झाले. "शिकायले अजून सहा महिने भेटले," असं तो माझ्या बायकोला हसून सांगत होता आणि मी आतल्या खोलीत उगाच कपाट आवरत होतो.

मी ओटा फोडून घेतला. मागची गल्ली त्या पावसाळ्यात आमच्या बाजूने तरी कोरडी राहिली. मग एके दुपारी, तक्रार खोटी होती असं स्वतःच्या अक्षरात लिहून, तारीख घालून, मी आवक टेबलाशी गेलो. कारकून जेवायला गेला होता आणि तिथे साडूच बसला होता. त्याने कागद वाचला. पहिल्यांदाच त्याचा चेहरा बदलला.

"साडूभाऊ, हे देलं तर खोट्या तक्रारीचं तुमच्यावर येऊ शकते. विचार केला का?"

"केला."

"मग थांबा तिकडे बाकावर. कारकून येऊ द्या. हा कागद माझ्या फायद्याचा आहे, तो मले घेता येत नाही."

पाऊण तास मी बाकावर बसलो, मग कारकुनाने कागद घेतला आणि मला मॅडमकडे धाडलं. माझ्यावर काही आलं नाही. हुकूम निघून गेला होता, तो फिरणार नव्हता. कागद फाइलला लागला. पुढच्या अहवालाच्या वेळी पाहू, असं त्या म्हणाल्या.

त्या सहा महिन्यांतला हा चौथा चालू आहे. साडू रविवारी येतो, मुलांशी पत्ते खेळतो. मागच्या रविवारी माझ्या मेहुणीने चहाचा कप माझ्या हातात देता देता हळूच विचारलं, "भाऊजी, ह्यायचं कायम होईन न हो या बारीले? कोण असं लिहून देलं असंन ह्यायच्याबद्दल?" तिला अजून माहीत नव्हतं. घरी त्याने सांगितलंच नव्हतं, आणि मी तर नाहीच. तेवढ्यात साडू हातातले पत्ते लावत, मान वर न करता म्हणाला, "होईन न. आपल्या साडूभाऊनं स्वतः जाऊन कागद देला आहे माझ्यासाठी."

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मेहुणीने माझ्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरून आले, आणि ती माझ्या पाया पडायला वाकली.