सातवी 'ब'चा पंखा

शाळेतले सगळे पंखे फिरत. मोठ्या बाईंच्या खोलीतला तर इतक्या जोरात फिरे, की टेबलावरच्या कागदांवर त्यांना दगड ठेवावे लागत. एकटा सातवी 'ब'चा पंखा मान खाली घालून लटकलेला. शाळेचा वायरमन दर वर्षी सगळे वर्ग तपासायचा आणि या वर्गापाशी आला, की उंबऱ्याबाहेरूनच वर बघून म्हणायचा, "जुनं मॉडेल आहे. सामान मिळत नाही."

सामान त्याच्या पिशवीतच असायचं. अडचण उंबऱ्याची होती. तो स्वतः सातवी 'ब'मध्ये असताना तेव्हाच्या वर्गाच्या बाईंनी त्याला वर्गाबाहेर काढलं होतं. "मी सांगेपर्यंत आत यायचं नाही," असं म्हणाल्या आणि विसरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची दुसऱ्या शाळेत बदली झाली. नवे सर आले, त्यांना वाटलं, एक मुलगा खिडकीबाहेर उभा ठेवायची इथली पद्धत असावी. पोरगा वर्षभर खिडकीतून शिकला आणि खिडकीतूनच पास झाला.

तो मुळातच तसा. लेक झाली तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर 'शांतता राखा' असं लिहिलेलं होतं. नर्सनं विचारलं, "बाळाचे वडील कोण?" तर यानं नुसतं बोट वर केलं. मुलगी झाल्याचं ऐकून तो हसला तोही आवाज न करता. बायको आजही म्हणते, "मला वाटलं, मुलगा हवा होता यांना."

लेक मात्र याच्या बरोबर उलट. घरात तिला वकीलसाहेब म्हणत, कारण दात घासायला सांगितलं तरी ती आधी कारण विचारायची. ती यंदा सातवी 'ब'मध्ये गेली. उन्हाळा तापला, तशी एक दिवस वही घेऊन ती सरळ बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "आपल्या जागेवर बसणं हा नियम आहे." ही म्हणाली, "मी नियमानं बसायचं, मग पंख्यानं नियमानं फिरायला नको?"

संध्याकाळी मोठ्या बाईंचा फोन आला. वडिलांनी उद्या वर्गात यावं, सगळ्यांसमोर हमी द्यावी, की मुलगी नियम पाळेल. नाहीतर दाखला घेऊन जावा.

"वर्गात?" वायरमननं विचारलं. त्याचा चेहरा पडला, आणि मग खरं काय ते त्याला घरात पहिल्यांदा सांगावं लागलं.

लेक ताडकन उठली. "म्हणजे मी रोज उकडून निघते ती तुझ्या शिक्षेमुळे?"

"बाईंच्या शिक्षेमुळे. मी फक्त पाळतोय."

"अरे बाबा, शाळा सोडलीस ना तू? मग नियम कसले राहिले?"

"सुटलो असं कोणी कळवलं नाही मला."

बायकोनं ताट बाजूला सारलं. "अहो, एक पाऊल टाकायचंय. पोरीचं वर्ष जाईल हो. डोळे मिटून टाका."

"डोळे मिटले तरी पाऊल माझंच ना?"

दुसऱ्या दिवशी तिघंही शाळेत गेले. वायरमन उंबऱ्याशी जाऊन थांबला. आतून सगळा वर्ग बघत होता. मोठ्या बाई म्हणाल्या, "मी सांगते ना, या आत."

"तुम्ही सांगून चालणार नाही. ज्यांनी शिक्षा दिली त्यांनीच ती मागे घ्यायची. तुमच्याच भिंतीवर लिहिलंय."

मोठ्या बाईंनी भिंत वाचली. लिहिलेलं होतं, आणि खाली त्यांचीच सही होती. त्यांनी गाडी पाठवून जुन्या बाईंना घरून बोलावून घेतलं.

बाई काठी टेकत आल्या. वर्गातल्या खुर्चीत बसल्या, दम खाल्ला आणि दारातल्या टक्कल पडलेल्या मुलाकडे निरखून बघितलं. "काय केलं होतंस रे?"

"आठवत नाही, बाई."

"मलाही नाही. मग माफ काय करू? उद्या खून निघाला तर?"

वायरमनच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. शेवटी बाईच म्हणाल्या, "असं कर, एक नवा गुन्हा कर. मी त्यावर रागावते आणि दोन्हींची एकदम माफी देते."

गुन्हा करायचा म्हणजे काय करायचं, हेच वायरमनला सुचेना. त्यानं केविलवाण्या नजरेनं लेकीकडे बघितलं.

"व्हरांड्यात पळ, बाबा," ती म्हणाली. "मनाई आहे."

तो पळाला. पोट सांभाळत, पिशवीतली पकड आणि पाने खणखणवत व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. "पळायचं नाही म्हणून किती वेळा सांगायचं!" बाई खरोखरच कडाडल्या. मग म्हणाल्या, "जा, केलं माफ. ये आत. शेवटच्या बाकावर बस, आणि मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

बायकोनं कपाळावर हात मारला.

वायरमन उंबरा ओलांडून आत आला आणि गुडघे दुमडून बाकात मावला. बसल्या बसल्या त्यानं हमी दिली, की माझी मुलगी सगळे नियम पाळेल. बाई रुमालानं वारा घेत म्हणाल्या, "उकडतंय किती. हा पंखा का फिरत नाही?"

सगळ्यांनी वायरमनकडे बघितलं. "मला उठता येत नाही," तो म्हणाला.

लेकीनं बापाकडून पिशवी घेतली. वायरमननं मोठ्या बाईंना मेन स्विच बंद करायला लावला. मग ती टेबलावर बाक ठेवून वर चढली. "बाकावर चढायला मनाई—" मोठ्या बाई बोलायला गेल्या, पण त्यांच्याही मानेवरून घामाची धार लागली होती. त्या खिडकीबाहेरचं झाड बघायला लागल्या. खालून बाप सांगत होता, वरून लेक करत होती. एक वायर सुटली होती, एवढंच. ती जोडून लेक टेबलावर उतरली, आईनं मेन स्विच पुन्हा चालू केला. पंखा कुरकुरला, धूळ झाडली आणि फिरायला लागला.

"दाखला राहू दे," मोठ्या बाई झाडाला म्हणाल्या. "आधी खाली उतर."

लेक उतरली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. वारा लागताच जुन्या बाईंची मान कलली, त्या गाढ झोपल्या.

शाळा सुटली. वर्ग रिकामा झाला. वायरमन बाकातच.

"उठा आता," बायको दारातून कुजबुजली.

"बाई उठू देत."

"निदान पंखा तरी बंद करा. उकडलं की जाग येईल त्यांना."

"बटण दाराशी आहे. उठावं लागेल."

लेक दप्तर अडकवून दाराशी गेली आणि बटणावर बोट ठेवून उभी राहिली. बटणांच्या वर पाटी होती, 'विद्यार्थ्यांनी बटणांना हात लावू नये.' ती पाटी तिच्या बापानंच फळीवर ठोकलेली होती, अर्थात शाळेच्या गोदामात; वर्गात आणून बसवली ती शिपायानं.

"बाबा, विचारून करू, की न विचारता?"

वायरमननं वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं.

"मला ऐकू आलं नाही असं समज," तो म्हणाला.