तुकडेवाली मामी

आमच्या रिठदमध्ये नवरी सजवायची ती तुकडेवाल्या मामीनेच, आणि मामीच्या स्वतःच्या तोंडावर कोड होतं. एखादा डाग नव्हे. कपाळाच्या मधोमध सुरू होऊन डाव्या गालावरून हनुवटीपर्यंत उतरलेला पांढरा पट्टा, आणि दोन्ही हातांची बोटंही पांढरी. बाकी अंग चांगलं सावळं. अशी बाई पदर ओढून कोपऱ्यात बसत असेल असं वाटत असेल तर तुम्ही मामीला पाहिलेलं नाही. ती डोळे भरून काजळ घालायची आणि रुपयाएवढी लाल टिकली लावायची, तीही बरोबर पांढऱ्या पट्ट्यावर. "देवानं जागाच पांढरी करून देली," म्हणायची, "लाल कसं खुलते पाय."

जुन्या साड्यांचे तुकडे जोडून कपडे शिवायची म्हणून ती तुकडेवाली, आणि मामी अख्ख्या गावाची. माझ्या सख्ख्या मामाशी तिचं काही नातं नव्हतं. आमच्या भिंतीला लागून तिचं घर, मागे नवऱ्याची भाजीपाल्याची वाडी. वांगी-मेथी बाजारात जायची आणि मामी दारातल्या मशीनवर बसायची. विटलेल्या दोन साड्यांतला धड भाग काढून ती एक साडी करायची. निऱ्यांना एक रंग, पदराला दुसरा. काठ निघाला की कुर्त्याच्या गळ्याला, पदर निघाला की ओढणीला, आणि उरल्यासुरल्याच्या पिशव्या. हल्ली शहरातल्या दुकानांत असल्या साडीला फॅशन म्हणतात आणि काचेत टांगतात. मामी ती साडी फाटली म्हणून करायची.

तोंडाला लावायचं सामानही तिच्या स्वयंपाकघरातच तयार व्हायचं. मसुराची डाळ दह्यात भिजवून वाटायची, जास्वंदीच्या पाल्याने केस धुवायला लावायची, बीट किसून तुपात आटवून ओठांना द्यायची. गोरं करणाऱ्या क्रीमवर मात्र तिचा भारी राग. माझ्या आईने माझ्यासाठी अशा ट्यूबा आणायचा सपाटा लावला होता, कारण मी काळी. एकदा मामीने माझ्या हातातली ट्यूब काढून घेतली आणि म्हणाली, "उजळाले तू का भांडं हायेस? घासल्यानं भांडं उजळते, मानूस नाई उजळत."

काळ्या पोरीने फिकं नेसावं असा आमच्याकडे दंडक. फिका गुलाबी, फिका निळा, जसं काही आम्ही आजारीच आहोत. मामीने तिच्या जुन्या रेशमी साडीतला राणी रंगाचा धड भाग काढून मला कुर्ता शिवला. तो घालून मी रिसोडच्या कॉलेजला जायला एसटीत चढले तर मागच्या बाकावरची पोरं खिदळली. मी वळून पाहिलं आणि तिथेच, त्यांच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले. संध्याकाळी मामीला सांगितलं तर ती खूश झाली आणि त्याच साडीच्या काठाची पर्स शिवायला बसली.

आता तुम्ही म्हणाल, बाई एवढी हुशार, मग नवं कापड का शिवत नव्हती? शिवत नव्हती असं नाही. कोणी देत नव्हतं. आमच्याकडे नव्या साडीची घडी मोडायला, म्हणजे ती पहिल्यांदा उलगडायला, चांगल्या हाताची बाई लागते. सवाष्ण हवी, लेकुरवाळी हवी. मामी दोन्ही होती, पण हात पांढरे ना. ती दारात दिसली की बायका नवं पातळ हळूच पेटीत सरकवायच्या आणि जुन्याचा ढीग तिच्यापुढे टाकायच्या. नवरी सजवायला मामी चालायची, कारण तिच्यासारखा अंबाडा दुसरीला येत नव्हता. पण शालूची घडी आधी दुसरी कोणी बाई मोडायची, मग मामीने तो नेसवायचा. वा रे गाव, काय पण सोय काढली. मी एकदा चिडून तिला विचारलं, तू हे ऐकून कायले घेतेस? तर सुईत दोरा ओवत म्हणाली, "नव्यात कोनीबी सुंदर दिसते. जुन्यात दिसून दाखवा म्हना." एवढं बोलली खरी, पण दोरा तिला लवकर ओवता आला नाही.

माझं लग्न कारंज्याला ठरलं. वऱ्हाड आलं, आणि सकाळी मामी माझे केस विंचरत असताना मावससासूबाई ताटात शालू घेऊन नवरीच्या खोलीत आल्या. मामीला पाहून जागीच थांबल्या. मग माझ्या आईला बाजूला घेतलं, पण आवाज काही बाजूला घेतला नाही. "हे बाई नवरीले हात लावून राह्यली? गावात दुसरी कोनी नाई का? आमी कारंज्याची पार्लरवाली आनली हाये, वऱ्हाडासंगं जानोशात उतरली हाये. तिले बलावतो."

आईचा चेहरा उतरला. लग्न मोडतं की काय ही एकच धास्ती तिला. ती मामीजवळ येऊन पुटपुटली, "वयनी, जराशा बाहीर बसता का?"

खोलीतल्या सगळ्या बायका मामीकडे पाहू लागल्या. मामीने फणी खाली ठेवली नाही. "बाहीर कायले बसू? अर्धं डोकं इचरून सोडू काय पोट्टीचं?" मग मावससासूबाईंकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाली, "बाई, माहं कोड तुमच्या सुनेले लागनार नाई. लागाचं असतं तं पयले माह्या नवऱ्याले लागलं असतं. तो पाहा, मंडपात कायाकुट्ट बसला हाये." बायका फिस्सकन हसल्या. आईसुद्धा हसली आणि लगेच घाबरली.

मला मात्र हसू आलं नाही, मला संताप आला होता. मी उठले, ताटातला शालू उचलला आणि मामीच्या हातात दिला. म्हटलं, "मामी, घडी मोड."

मामीचे हात थांबले. हळू आवाजात म्हणाली, "अवं, नवी हाये ते."

"मले मालूम हाये. मोड."

तिने घडी मोडली. कडक जर, उलगडताना कुरकुरली. मावससासूबाई ताट तिथेच टाकून निघून गेल्या. जानोशात कुजबुज झाली, सासूबाईंचं तोंड वाकडं झालं, आणि नवरदेवाने एवढंच विचारलं म्हणे, "मुहूर्त निघून राह्यला, नवरी येऊन राह्यली का नाई?" तेवढ्यावर मला माणूस पसंत पडला. लग्न लागलं. मी मामीला मुद्दाम माझ्या शेजारी उभं करून फोटो काढून घेतला.

अल्बम आला तो घेऊन मी मोठ्या हौसेने माहेरी गेले आणि आधी मामीकडे धावले. तिने चष्मा लावला, एकेक पान उलटलं आणि त्या फोटोवर थांबली. "तुह्यापाशी हे कोन बाई उभी हाये?"

मी वाकून पाहिलं. फोटोवाल्याने कॉम्प्युटरवर तिचा पांढरा पट्टा पुसून टाकला होता. गाल एकसारखे गव्हाळ, बोटंही गव्हाळ, टिकली तेवढी जागेवर. सोबत मलाही गोरी केलेली. सासरी दहा जणांनी तो फोटो पाहिला होता आणि सगळ्यांनी छान म्हटलं होतं, आणि हौसेत मीही नीट पाहिलं नव्हतं.

"बरी हाये दिसाले," मामी म्हणाली. "पन मी कुठी हाव?" तिने अल्बम मिटला आणि चहा ठेवायला उठून गेली. मामीला बाहेर काढणं मावससासूबाईंना जमलं नव्हतं, ते या फोटोने जमवलं होतं. मामी त्या दिवशी मशीनवर बसली नाही.

दुसऱ्याच दिवशी मी वाशिमला त्या फोटोवाल्याकडे गेले. तो बिचारा गोंधळला. "ताई, लोक डाग काढाले सांगतात. परत लावून मागनाऱ्या तुमी पयल्याच."

"मग लावा. आन माहा काळा रंगबी परत द्या."

मूळ फोटो त्याच्याकडे होता. मी तो मोठा करून घेतला, एक माझ्यासाठी आणि एक मामीसाठी. माझा कारंज्याच्या घरात बैठकीत, दारासमोर टांगला आहे. मावससासूबाई आल्या की त्यांची खुर्ची नेमकी त्याच्या समोर येते. मीच तशी ठेवली आहे, आणि कोणी सरकवली तर परत ठेवते.

मामीचा फोटो मी स्वतः रिठदला नेऊन दिला. तिने पदराने काच पुसली. पांढरं बोट फोटोतल्या कपाळावर ठेवलं, गालावरून हनुवटीपर्यंत आणलं आणि मान हलवली.

"हां," म्हणाली. "आता आली मी तुह्या लग्नाले."