पत्र्याले भोकच नव्हतं

इंजिनिअर साहेबांनी पडलेला पत्रा उचलला, उन्हासमोर धरला आन मले म्हणाले, "मिस्त्री, कडेची भोकं दाखवा."

मी म्हटलं, वाऱ्यानं हूक उपटून नेले असतील.

"हूक उडेल. भोक कसं उडेल?"

मी पत्रे बसवणारा. शाळा तिसरीपर्यंत, बाकी शिडीवर शिकलो. हूक म्हणजे वाकडा लोखंडी आकडा. पत्र्याले भोक पाडायचं, आकडा खालच्या पाइपाले अडकवायचा, वरून नट कसायचा.

घर केनवडच्या सिंधूबाईचं. अंगणवाडीत काम करते. तिचे पत्रे बसवताना कडेची एक ओळ राहिली आन हूक संपले. मालेगावहून आणायचे तर अर्धा दिवस गेला असता, आन संध्याकाळी साडभावाच्या पोरीचं लगन. मी कडेवर दगड ठेवले. आपल्याकडे सगळेच ठेवतात. सिंधूबाईनं विचारलं, एवढ्यानं भागते का. मी म्हटलं, कड भिंतीवर टेकली, ते कुठं जाते.

घरी बायको म्हणाली, उद्या जाऊन लावून या. मी हो म्हटलं. गेलो नाही.

पंधरा दिवसांनी भर दुपारी वादळ आलं. पत्रे कडेपासूनच उचकटले. दगड घरंगळत आत आले. एक बाजेवर निजलेल्या म्हाताऱ्या सासूच्या खांद्यावर पडला. हाड मोडलं.

पंचनाम्याले आलेल्या या साहेबांनी सांगितलं, वारा छपराले दाबत नाही, वर ओढते. सगळ्यात जास्त कडेले आन कोपऱ्याले. समुद्राकाठच्या चक्रीवादळातही असंच होते म्हणे. तिथं तर वाऱ्याहून पाणी जास्त माणसं मारते. मधेच वारा एकदम थांबते, लोकं संपलं समजून बाहेर येतात, मग तो उलट्या बाजूनं येते. मी मान हलवत होतो. मनात म्हटलं, बोलणं समुद्राकडं गेलं, बरं झालं.

पण साहेबांनी पत्रा खाली ठेवला नव्हता. माझी बायको म्हातारीसाठी भाकर घेऊन आली होती. ती दारातून बोलली.

"उडाले नाहीत साहेब. लावलेच नव्हते. लगनाची घाई होती यांले."

साहेबांनी पत्रा खाली ठेवला. सिंधूबाई म्हणाली, "दादा, मी इचारलं होतं तुमाले."

दुसऱ्या दिवशी मी मालेगावहून हूक आणले आन सगळं छप्पर नव्यानं बसवलं. बायको खाली उभी राहून एकेक हूक वर देत होती. मी घेत होतो, तिच्याकडं पाहत नव्हतो. चारचौघात इज्जत घालवली म्हणून आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. ती ताट वाढायची, मी भिंतीकडं तोंड करून जेवायचो. इज्जत तिनं नाही, मी घालवली होती, हे तवाही ठाऊक होतं.

बायकोले वारून आता दोन वर्षं झाली. घरात कोणी बोलत नाही तवा ते आठ दिवसच आठवतात. म्हातारीचा हात अजून डोक्यापर्यंत जात नाही. सिंधूबाई तिचे केस विंचरून देते. माझ्या हातचं ते छप्पर त्यानंतरच्या दोन वादळांत हललं नाही, पण ते सांगायले मले तोंड नाही.

पत्रे बसवणाऱ्यांनो, हूक कडेपासून लावायले घ्या. संपले तर घरवाल्याले तसं सांगा आन काम थांबवा. लगनातली बुंदी मी पोटभर खाल्ली होती. चव आठवत नाही.