माणिककाकांचा पासवर्ड

माणिककाका गेल्याचं मला कुणी फोन करून कळवलं नाही. पाथरीतल्या आमच्या छापखान्याचं सगळं काम आता क्लाऊडवर चालतं. गिऱ्हाईक घरबसल्या मोबाईलवर नमुना निवडतं, मजकूर भरतं आणि ऑर्डर माझ्या फोनवर येते. महिन्यापूर्वी सकाळी अशीच एक ऑर्डर आली. तेरवीची पत्रिका, गाव सोनपेठ. नाव वाचलं... आमच्या माणिककाकांचं.

माणिककाका माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे आमचे डीटीपी ऑपरेटर. रोज सोनपेठहून एसटीनं यायचे. लग्नपत्रिका जुळवताना शंका आली की थेट त्या घरी फोन लावायचे, 'आजोबा हायेत न्हवं अजून? नायतर कै. लावावं लागंल.' वडिलांच्या मागं छापखाना माझ्याकडं आला. मी पुण्यात नोकरी करून आलेली. क्लाऊडचं खूळ माझ्याच डोक्यातलं. काकांना ते माझ्या अंदाजापेक्षा लवकर जमलं. जुन्या फॉन्टमधल्या पत्रिका तिकडं चढवल्या की अक्षरांचा पार चिवडा व्हायचा. काकांनी कित्येक महिने बसून एकेक पत्रिका नीट केली. 'ताई, आता छापखाना बुडाला तरी भ्या न्हाई,' हसत म्हणाले होते.

ते काम संपलं आणि माझ्या लक्षात आलं, की आता ऑपरेटरची गरजच उरलेली नाही. हे त्यांना समोर बसवून सांगायला हवं होतं. मी काय केलं? एका रविवारी घरी चहा पिता पिता मोबाईलवरून त्यांचं नाव क्लाऊडवर काम करणाऱ्यांच्या यादीतून काढून टाकलं.

सोमवारी काका नेहमीसारखे आले. पासवर्ड टाकला. पुन्हा टाकला. 'ताई, माझाच हात चुकायलाय का, बघा बरं.' मी म्हणाले, 'सर्व्हर बंद असेल, काका. उद्या बघू.' मंगळवारीही तेच... बुधवारी त्यांनी चष्मा लावला, पडद्यावरचं इंग्रजी बोट ठेवून वाचलं आणि माझ्याकडं वळले. 'ॲडमिनिस्ट्रेटरला विचारा म्हणायलंय. ते म्हंजे तुमीच न्हवं का, ताई?' मी फोन कानाला लावला. पलीकडं कुणीही नव्हतं. काकांनी थोडा वेळ वाट बघितली. मग फडक्यानं कीबोर्ड पुसला, डबा उचलला आणि गेले.

त्यानंतर दोन वर्षांत एकदाच दिसले, पाथरीच्या बसस्टँडवर. मी गाडीची काच वर घेतली.

तेरवीची पत्रिका मी स्वतः जुळवली, स्वतःच घेऊन सोनपेठला गेले. काकूंनी पाणी दिलं. म्हणाल्या, 'दुसरीकडं छापायच्या न्हाईत, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. लय नाव काढायचे तुमचं. डोळ्यानं दिसंना म्हणून काम सोडलं, तर म्हणायचे, ताईनं किती थांबवलं मला...' तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. मी मान खाली घातली आणि पाणी पिऊन घेतलं. आज इथं लिहितेय. काकूंच्या डोळ्यांत बघून सांगण्यापेक्षा हे सोपं आहे, तेही मला कळतं.

हल्ली मी काकांनी चढवलेल्या फायली उघडून बसते. पान जिथं कापलं जातं त्या रेघेबाहेर ते स्वतःसाठी बारीक टीप लिहून ठेवायचे, छपाईत न येणारी. 'मामाचं गाव झरी, जरी नव्हे.' 'मुलगी बी.एस्सी. फोन करून विचारलं.' परवा माझ्याच लग्नाची पत्रिका सापडली. रेघेबाहेर लिहिलं होतं, 'सुनीतातली नी दीर्घ. तीनदा पाहिलं.' माणूस यादीतून काढला की त्याच्या फायली मालकाच्या नावावर जातात. ही फाईल कुणी केली, त्या रकान्यात आता माझं नाव आहे.