आधी अर्थ बघा, वहिनी

भाऊजी गाडीशी बोलताना तिला 'अहो' म्हणत. "अहो, आता काय झालं तुमाला?" असं विचारत बॉनेट उघडत आणि निम्मे आत शिरत. गोविंदराव म्हणजे माझे धाकटे दीर. झरीला आमची शेती. हैदराबादच्या कुणा हौशी घराण्याकडून त्यांनी ती दोनच माणसं बसतील अशी, वर टप नसलेली, जुनी लाल विलायती गाडी आणली होती. पळायला लय भारी, पण विजेचं सगळं काम बिघडलेलं. ब्रेक दाबला की वळायचे दिवे लागत. हॉर्न तर त्याच्या मनाला येईल तेव्हा वाजे आणि रस्त्यावरच्या म्हशी बुजत.

माझे यजमान जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी माजघराबाहेर येत नसे. सासूबाईंना तेच योग्य वाटे, आणि मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. एका सकाळी भाऊजी दाराशी येऊन म्हणाले, "वहिनी, जरा बल्ब धरायला या. मला दोनच हात हायेत."

बल्ब म्हणजे दोन वायरी जोडलेला छोटा दिवा. वीज कुठवर पोचते ते त्यावरून कळायचं. पहिल्या दिवशी मी खाली मान घालून उभी होते. हळूहळू मीच सांगू लागले, "इथं पेटतोय भाऊजी, तिथं नाही." शेवटी मागच्या दिव्याच्या बुडाशी गंज सापडला. गाडीच्या लोखंडी अंगाशी असलेली जोड, तिला ते 'अर्थ' म्हणत, तीच तुटली होती.

"विजेला बिचारीला परतायला वाट न्हाई, म्हणून दुसऱ्याच्या घरात शिरायलीय," ते म्हणाले. "काईबी बिघडू द्या, आधी अर्थ बघा, वहिनी."

पुढे मोकळ्या रानात त्यांनी मला गाडी चालवायलाही शिकवलं. लग्नाआधी मी डी.एड. झाले होते. त्यांच्याच आग्रहावरून केलेल्या अर्जाला उत्तर आलं आणि परभणीच्या एका शाळेनं मुलाखतीला बोलावलं. नेमका त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एस.टी. नव्हती. "देवाचीच मर्जी न्हाई," सासूबाई म्हणाल्या. भाऊजींनी गाडी बाहेर काढली आणि स्वतः बाजूच्या जागेवर जाऊन बसले.

अर्ध्या वाटेत गाडी एकदम बंद पडली. हॉर्न नाही, दिवा नाही. मी भाऊजींकडे पाहिलं. ते उतरून रस्त्याकडेच्या दगडावर बसले.

"बघा ना जरा," मी म्हटलं.

"मुलाखत तुमची हाय. तुमीच बघा."

मला रडूच येणार होतं. शेळ्या थांबवून दोन बाया माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी पदर खोचला आणि बल्ब काढला. बॅटरीच्या दोन टोकांना लावला, पेटला. मग एक वायर गाडीच्या अंगाला टेकवली, पेटला नाही. अंगाकडे जाणारी जाड पट्टी पांढऱ्या बुरशीनं खाल्ली होती. किल्लीनं ती खरवडली, नट आवळला आणि बटण दाबलं. इंजिन धडधडलं तशा त्या बाया मोठ्यांदा हसल्या, आणि मीही हसले. कितीतरी महिन्यांनी.

लुगड्याला काळे डाग घेऊन मी मुलाखत दिली. नोकरी मिळाली. सुटे भाग मिळेनात म्हणून पुढे गाडी विकली गेली, आणि काही वर्षांनी भाऊजी शेतातच छातीत कळ येऊन गेले.

त्यांच्या दहाव्याच्या संध्याकाळी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुला रानात गाडीवर बसवली, तवापासून तुझी नोकरी लागेस्तोवर मी गोविंदाशी एक शब्द बोलले न्हाई. त्यानं तुला सांगितलं व्हतं का?"

नव्हतं सांगितलं. त्या दिवसांत ते आपलं ताट गोठ्यात नेऊन एकटे जेवत. हात ग्रीसनं माखलेले असतात म्हणून, असंच मी धरून चालले होते.