टिकली राहिली

"ताई, बाईची टिकली राहिली," असं पहिल्यांदा म्हणाला तो मंडपवाला. शिडीवर उभा राहून दारावर झालर ठोकत होता आणि त्याची नजर बरोब्बर चित्रातल्या कपाळावर गेली. मी खाली ब्रश धूत होते.

"राहिली नाही," मी म्हटलं. "नाहीच आहे."

त्याला वाटलं मी गंमत करतेय. "मग काय, बाजारातनं आणायचीय?"

धाकट्या बहिणीचं लग्न होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याकडच्या बायका त्याची उष्टी हळद घेऊन आमच्या मळ्यात येणार होत्या. मळा म्हणजे मखमलाबादच्या बाजूचा. आता तीन अंगांनी बिल्डिंगी आल्यात, पण आम्ही अजून झेंडू, शेवंती आणि मेथी काढतो. माझे वडील मी सातवीत असताना गेले. धाकटी तेव्हा अंगणवाडीत होती. आई आणि काकांनी मळा सांभाळला आणि आम्हाला वाढवलं. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, आता नाशकातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. हे मी मिरवायला सांगत नाही. म्हणजे मिरवतेच, पण इथं सांगायचं कारण वेगळं आहे: त्या दोन दिवसांत ती पदवी मला फार वेळा ऐकवली गेली.

आमच्याकडे पूर्वी लग्नघराची भिंत चुन्यानं पांढरी करून तिच्यावर चित्रं काढायचे. वर गणपती, खाली नवरा-नवरीचं नाव, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना दोन सवाष्णी, एकीच्या हातात आरतीचं ताट, दुसरीच्या हातात कलश. आता सगळे फ्लेक्स लावतात. काकासुद्धा फ्लेक्सच सांगून आले होते. मी म्हटलं, "घरात चित्रकलेची मास्तरीण असताना फ्लेक्स?" काका इतके खूश झाले की त्यांनी फ्लेक्स रद्द केला आणि चार मळ्यांत सांगून आले, आमची पोरगी भिंत रंगवणार म्हणून. भिंतीला चुना त्यांनी स्वतः मारला.

आरतीवाली मी रीतीप्रमाणे काढली. हिरवा शालू, नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कलशवालीला मात्र आईची फिकट जांभळी साडी नेसवली, मनगटं मोकळी ठेवली आणि कपाळ कोरं सोडलं.

असं का केलं, ते सांगते. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये हळदीचे चौतीस फोटो आहेत. काकूनं मला पहिली हळद लावली, मग आत्यानं, मग मामीनं, मग ज्यांची नावंही मला माहीत नाहीत अशा बायकांनी. आई एकाही फोटोत नाही. एका फोटोत मागच्या दाराशी जांभळ्या साडीचा काठ तेवढा दिसतो. त्या हळदीतले सगळे हार, सगळ्या वेण्या, दाराचं तोरणसुद्धा आईनं ओवलेलं होतं. नाशकातल्या किती लग्नांत तिच्या हातची फुलं गेली असतील. फुलाला हात चालतो, पोटच्या पोरीच्या गालाला चालत नाही. तेव्हा मी गप्प बसले होते. ह्या वेळी गप्प बसायचं नाही असं ठरवलं, आणि मला बोलण्यापेक्षा भिंत बरी जमते.

दुपारपर्यंत मळ्यात येणारा प्रत्येक माणूस मला टिकलीची आठवण करून देत होता. दूधवाला, आचारी, भटजींचा निरोप घेऊन आलेला माणूस. शेवटी काका आले. त्यांनी चित्र पाहिलं आणि त्यांना काही विचारावं लागलं नाही. वीस वर्षं ते त्या कपाळासमोर जेवायला बसतात.

"पूस," ते म्हणाले. "नायतर टिकली लाव."

"काका, आई..."

"मला नको शिकवू. कॉलेजात हेच शिकवलं का? आपल्याला पोरगी द्यायचीय, व्याख्यान नाय द्यायचं." आवाज चढला तसा मंडपवाल्याचा हातोडा थांबला. "उद्या त्या बायका दारात आल्या आन् म्हणल्या, हा अपशकुन हाय, आम्ही चाललो, मग? तू जाशील तुझ्या घरी. हिचं काय?"

काका वाईट माणूस नाहीत. माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून त्यांची सही आहे. म्हणून तर त्यांचं बोलणं लागलं.

मला वाटलं होतं आई तरी माझ्या बाजूनं असेल. ती मागून फुलांची पाटी घेऊन आली, चित्रासमोर थांबली, पाटी खाली ठेवली.

"मला विचारलं व्हतंस?"

"आई, मला वाटलं..."

"तुला वाटलं. मला विचारलं व्हतंस का, ते सांग." तिनं पदर डोक्यावर ओढला. "लोकं सकाळपासून माझ्या कपाळाकडं बघून ऱ्हायलेत आन् मला आत्ता कळतंय का म्हणून." पाटी उचलून ती आत गेली.

हे मला खरंच सुचलं नव्हतं. एवढी शिकलेली मी, पोरांना वर्गात सांगते की माणसाचं चित्र काढण्याआधी त्याची परवानगी घ्या. आणि स्वतःच्या आईला मी न विचारता चव्हाट्यावर उभं केलं होतं.

मी लाल रंगाचा डबा उघडला. बहीण मेंदीचे हात हवेत धरून दाराशी आली. मला वाटलं ती अडवेल. ती म्हणाली, "लाव ताई. तुझं लग्न झालंय. माझं होऊ दे." रडत नव्हती. घाबरली होती, आणि तिचं घाबरणं बरोबर होतं.

मी ब्रश लालात बुडवला, स्टुलावर चढले, आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब गं, मला बघू दे."

शेजारच्या मळ्यातली आजी होती. काठी टेकत आली आणि ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसली. तिच्याबरोबर निवडटिपण करायला आलेल्या दोघी-तिघी. आजीचं कपाळही कोरंच, माझ्या जन्माच्या आधीपासून.

"ही माझ्यातली दिसती," आजी म्हणाली.

कुणी हसलं नाही. मग आजीच म्हणाली, "थोरल्या पोराच्या हळदीला मी गोठ्यात व्हते. म्हशीला पाणी पाजत. वाजंत्री थांबंना, मी पाणी पाजायची थांबंना. म्हैस माझ्याकडं बघायला लागली, म्हणली असंल, बाई, बास कर."

आता मात्र सगळ्या हसल्या. हसता हसता दुसरी म्हणाली, "मला टेम्पोत बसवलं व्हतं. सामान राखायला. सामान काय, तर दोन सतरंज्या."

"सतरंज्या लय महाग असत्याल," आजी म्हणाली.

तिसरीनं निवडायची मेथी खाली ठेवली. मग ह्या कधी, त्या कुठे, असं सुरू झालं. ज्या गोष्टी मी ह्या बायकांकडून उभ्या जन्मात ऐकल्या नव्हत्या, त्या त्या भिंतीकडे बघत, एकमेकींकडे न बघता सांगत होत्या. मी स्टुलावर तशीच. ब्रशवरचा लाल रंग वाळून कडक झाला. ओट्याच्या कडेला काकू सुपाऱ्या मोजत होती. एकवीस सुपाऱ्या तिनं तीनदा मोजल्या, आणि तिन्ही वेळा चुकली. आतून भांड्यांचा आवाज यायचा थांबला होता, म्हणजे आईही ऐकत होती.

टिकली मी लावली नाही, पण न लावायचं ठरवलंही नाही. खाली उतरले एवढंच. काकांनी संध्याकाळी चित्राकडे पाहिलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

सकाळी आई न्हाऊन आली. केस ओले, पदर डोक्यावरून खाली. मी लाल डबा हातात घेऊनच उभी होते. म्हटलं, "आई, तू म्हणशील ते करते. पुसू म्हणालीस तर पुसते."

तिनं विचारलं, "हिरवा हाय का?"

"कशाला?"

तिनं बोट स्वतःच्या भुवयांच्या मधोमध ठेवलं. तिथं तिचं गोंदण आहे, बारीक तीन हिरवे ठिपके. मी जन्मल्यापासून पाहतेय, इतकं की मला ते दिसेनासं झालं होतं. चित्रकलेची मास्तरीण, आणि आईच्या कपाळावर काय आहे ते मी काढलं नव्हतं. काय नाही तेवढं काढलं होतं.

"हे मला माझ्या आईनं जत्रंत गोंदून दिलं. सहा वर्साची व्हते. तवा तुझा बाप कुठं व्हता? तो गेला तवा बायांनी कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. हे नाय पुसता आलं त्यांना." मग जरा हळू, "काढायचं तर नीट काढ."

मी तीन ठिपके दिले. आता ती कुणीही बाई राहिली नव्हती. मळ्यात येणाऱ्या कुणालाही कळलं असतं ही कोण आहे. काका लांबून म्हणाले, "आता नावच लिहून टाका खाली," आणि टेम्पो कुठपर्यंत आला ते बघायच्या निमित्तानं रस्त्याकडे निघून गेले.

अकराच्या सुमारास बायका आल्या. पुढे विहीणबाई, हातात पितळी वाटी, वाटीत हळद. बरोबर नवऱ्याची आत्या. दारात आल्या आणि थांबल्या. विहीणबाईंनी भिंतीकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. मग परत भिंतीकडे. वाजंत्री वाजतच होती. बहीण आत पाटावर बसलेली. तिची मान माझ्या दिशेनं वळली.

"कुणी काढलं?" विहीणबाईंनी विचारलं.

"मी."

"हुबेहूब हाय." चांगलं की वाईट, ते आवाजावरून कळेना.

आत्या मागून म्हणाली, "पहिली हळद सवाष्णीचीच लागते बरं का. आमच्यात तसंच हाय."

"आमच्यातही तसंच हाय," कुणीतरी घाईघाईनं म्हणालं.

विहीणबाईंनी वाटी पुढे केली. आईपुढे नाही, काकूपुढे. रीतच तशी. काकू ह्या घराची थोरली सवाष्ण, माझी पहिली हळद तिचीच. सगळ्यांच्या नजरा तिच्या हाताकडे. तिचे दोन्ही हात पदराखाली होते. ते बाहेर आले नाहीत.

"माझे हात पिठाचे हायेत," काकू म्हणाली. "जावेला द्या."

विहीणबाई वाटी धरून तशाच उभ्या. आत्यानं त्यांच्या कोपराला हात लावला. काकू परत म्हणाली, जरा मोठ्यानं, "पिठाचे हात हळदीला कसे लावू? तिची आई हाय ना इथं."

विहीणबाईंनी परत एकदा भिंतीकडे पाहिलं. मग विहीणबाई म्हणाल्या, "घ्या मग. ऊन चढतंय," आणि वाटी आईकडे वळवली.

आईनं वाटी घेतली. आत गेली, पाटासमोर बसली. तिची बोटं हळदीत गेली, तरी पहिला हात गालापर्यंत पोचायला वेळ लागला. मग मात्र तिनं इतकी हळद लावली की बहीण म्हणाली, "आई, डोळ्यात जाईल." आई म्हणाली, "जाऊ दे."

मी ओट्यावर आले. काकू दाराशीच होती. पदर सरकला होता आणि हात बाहेर आले होते, कोरडे, स्वच्छ, पिठाचा कण नसलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हात परत पदराखाली घेतले.

स्वयंपाकाला आचारी होता, पहाटेपासून. त्या दिवशी आमच्या घरातल्या एकाही बाईनं पीठ मळलं नव्हतं.