पत्रूभाऊची रजई

आता आठवलं का वच्छलाबाई स्वतःच हसून लोळते. पण लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात तिनं नवऱ्यावर शिक्का मारला होता, का हा माणूस कामचोर हाय. काऊन नाई मारणार? चामोर्शीकडं खळ्यावर धान चुरायची वेळ आली का पत्रूभाऊ पिवळा पडे, धापा टाके अन् खाटेवर लंबा होये.

"रजई बाधते मले," तो म्हणे.

"रजई नाई, खळं बाधते तुमाले!" असं म्हणून ती पेटीतली, डांबरगोळ्यांत मुरलेली तीच रजई मोठ्या मायेनं त्याच्या अंगावर टाके.

यंदा त्याले मलेरिया झाला. औषध द्यायच्या आधी दवाखान्यातल्या सिस्टरनं रक्त तपासलं अन् म्हणाली, "भाऊ, रक्तपेशींले ताणात सांभाळणारं एक एन्झाइम तुमच्यात कमी हाय. ते बनवणारं जनुकच जन्मापासून कच्चं. मलेरियाचं एक औषध तुमाले चालत नाई, अन् डांबरगोळी तर घरातही नको. त्यानं रक्तपेशी फुटतात, माणूस पिवळा पडते, धापा टाकते."

पत्रूभाऊचा अर्धा ताप तिथंच उतरला. गावभर सांगत सुटला, "मी कामचोर नाई, माझं जनुक कच्चं हाय!"

घरी वच्छलाबाई म्हणाली, "बरं बाप्पा, जिंकले तुमी. आता ते रजई नदीवर नेऊन धुवा."

"मी? डांबरगोळीच्या रजईले मी हात लावू? जाय, सिस्टरले विचारून ये!"

वच्छलाबाई रजई बगलेत मारून नदीकडं निघाली. खाटेवरून आवाज आला, "दोनदा धू वो!"